हलते दात आणि बारा चुळा

हिरड्या दुखत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझी सगळी फसगत तिथेच झाली. दाढ ठणकली की माणूस गाल धरून दवाखाना गाठतो. हिरडी बिचारी मुकाट्याने सडत राहते आणि आपण तिच्या भरवशावर सुपारी फोडत बसतो. तुमच्या थुंकीत सकाळी लाल दिसत असेल आणि तुम्ही ते "उष्णता झाली असेल" म्हणून धुऊन टाकत असाल, तर हे खास तुमच्यासाठी लिहिलं आहे. मी तेच करत होतो.

मी मेहकरला राहतो. भिक्षुकी करतो. वडिलांनी केली, आजोबांनी केली, आता मी. आमच्या धंद्यात पोथी विसरली तरी चालतं, तोंड शाबूत लागतं.

सुलतानपूरची वास्तुशांत

सुलतानपूरला गजाननभाऊंच्या नव्या घराची वास्तुशांत होती. माणूस शेतकरी, हौसेने घर बांधलेलं, अंगणात मंडप. पूर्णाहुती झाली, आरतीला सगळे उभे राहिले, आणि मी शंख फुंकला. शंख तोंडापासून काढला तर त्याच्या कडेला रक्त.

गजाननभाऊंची आई अगदी समोर बसली होती. म्हातारीची नजर घारीची.

"महाराज, रगत!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की टाळ थांबले. "नव्या घरात रगत आलं जी. आता काय कराव?"

"आजी, माझ्या हिरडीतलं आहे. घराशी त्याचा काही संबंध नाही."

"संबंध काऊन नाही? तुमी देवाचं करून राह्यले अन्‌ तोंडातून रगत?"

"जाऊ दे ना माय," गजाननभाऊ मध्ये पडले. "महाराजाले गरमी झाली असन. गुलकंद खात जा जी महाराज."

मी शांतिपाठ पुन्हा एकदा म्हटला, म्हातारीच्या समाधानासाठी. शंख धोतराच्या सोग्याने पुसला. जेवायला बसलो तेव्हा पुरीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडायला गेलो आणि खालचे चार दात मागे कलले. दुखलं काहीच नाही. नुसते कलले आणि परत जागेवर आले. मी इकडेतिकडे पाहिलं. कुणाला दिसलं नव्हतं. मग मी सगळं जेवण वरणभातावर उरकलं आणि "आज उपवासासारखंच आहे" असं काहीतरी पुटपुटलो.

मेहकरपर्यंत येईस्तोवर मोटारसायकल कितीदा थांबवली असेल, देव जाणे. थांबायचं, आरशात वाकून ओठ खाली ओढायचा, बघायचं. जीभ तर हातातच नव्हती. सारखी त्या दातांपाशी जाऊन त्यांना ढकलून बघायची. तेव्हापासून पुढचे कितीतरी महिने मी धड एका जागी बसलो नाही.

आमच्या घराण्याचे दात

माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. वय झालं आहे, पण संध्या चुकत नाही. त्यांचे सगळे दात पन्नाशीच्या आत गेले, आजोबांचेही तसेच. त्यामुळे आमच्या घरात ही गोष्ट कुणी आजार म्हणून बोलतच नसे. "आपल्या घराण्याचे दात लवकर जातात," असं अण्णा सांगायचे, एखाद्याच्या घराण्याचं नाक मोठं असतं तसं.

पण दात गेल्यावर अण्णांचं काय झालं ते मी पाहिलं होतं. कवळी बसवली, तर मंगलाष्टकं म्हणताना ती खालीवर व्हायची. काढून ठेवली तर शब्दातून वारा जायचा. एका लग्नात वऱ्हाडातली पोरं हसली. त्यानंतर अण्णांनी लग्नं लावणं बंद केलं आणि मला पुढे केलं. तेव्हा मला मिसरूड फुटलेलं होतं इतकंच. एवढ्या खणखणीत आवाजाचा माणूस त्या दिवसापासून घरातल्या देवापुरता उरला.

माझ्यामागे कोणी नाही. मुलगी अमरावतीला फार्मसी शिकते. माझे पुढचे दात गेले तर आमच्या घरातला तो आवाज संपला. माझी भीती ही होती, आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती.

ज्याच्या त्याच्याकडे पुडी

गावातल्या दातांच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि म्हणाले, खालचं हाड झिजलं आहे, बुलडाण्याला हिरड्यांच्या स्पेशालिस्टकडे जा. मी मान डोलावली आणि गेलो नाही. आधी मोहरीचं तेल आणि मीठ चोळलं. मग तुरटी. मग बाभळीच्या सालीचा काढा. रक्त येतं म्हणून तिथे ब्रश लावायचाच नाही, असंही एकाने सुचवलं, आणि ते मला फार पटलं.

चहाच्या टपरीवर तर परिषदच भरली. एकाने बजावलं,

"महाराज, सांगून ठेवतो, दात साफ कराले जाऊ नका. माह्या साडूनं साफ केले, सारी बत्तिशी ढिल्ली झाली."

"आता कसा आहे साडू?"

"मजेत आहे. कवळी आहे त्याले."

मी चहा टाकून उठलो. त्या दिवसांत कुठेही पुरता चहा प्यायलो नाही.

शेवटी माझी बायको मंजिरी हिनेच फोन करून नंबर लावला. मला सांगितलं ते आदल्या दिवशी. "उद्या कुठलंच कार्य घेऊ नका. बुलडाण्याला जायचं आहे," एवढंच म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.

आकडे

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी असेल. मला "काका" म्हणाली. सगळा तालुका महाराज म्हणतो, आणि ही काका. पण हात हलका होता. तिने एक बारीक, खुणा केलेली सळई दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत घातली आणि प्रत्येक दाताला खोलीचा आकडा मिलिमीटरमध्ये बोलत गेली, शेजारची मुलगी लिहून घेत गेली. दोन, तीन, तीन. मला वाटलं, ठीक आहे. खालच्या पुढच्या दातांशी आली आणि आकडे चढले. सहा, सात. तोंड उघडं, बोलता येत नाही, आणि आपल्याच तोंडात केवढा खड्डा आहे ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं. माझे पाय खुर्चीवर आपोआप हलायला लागले. मंजिरीने पावलावर हात ठेवला तेव्हा ते थांबले.

"काका, दात एकही किडलेला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "घर पक्कं आहे, खालची माती वाहून गेली."

"वाचतील?"

"चारातले तीन वाचतील असं वाटतं. चौथ्याचं मी आज सांगत नाही. रोज ब्रश करता?"

"रोज."

"तिथी सोडून," मंजिरी म्हणाली.

मग सगळं सांगावं लागलं. आमच्याकडे प्रतिपदा, षष्ठी, नवमी, एकादशी, अमावास्या, शिवाय व्रताचा आणि श्राद्धाचा दिवस, या दिवशी दात घासत नाहीत. त्याऐवजी बारा चुळा भरायच्या. शास्त्रात तसं आहे, अण्णांनी मुंजीनंतर शिकवलं, मी पाळलं. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. चुळा मी अगदी मन लावून भरतो.

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

"त्या एकाच गोष्टीने झालं असं मी म्हणणार नाही. सुपारी आहे, दात कधीच साफ करून घेतले नाहीत, घराण्यातही आहे. पण काका, इथून पुढे एकही दिवस सोडायचा नाही. तुम्ही तो सोडणार असाल तर मी एवढं करून उपयोग नाही."

रक्तातली साखरही तपासली. नॉर्मल आली. मंजिरीने हात जोडले आणि मला उगाच राग आला. इतकी वर्षं घरोघरचा शिरा खाऊन साखर ठीक, आणि दात मात्र जाणार!

अण्णा

घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते झोपाळ्यावर होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाकीच्या दिवशी दोनदा घास. तीनदा घास. तिथीला नाही."

"अण्णा, डॉक्टर म्हणतात..."

"डॉक्टर दाताचं सांगतात. मी आपल्या घराचं सांगतो."

मंजिरी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने वकिली शिकायला हवी होती. "अण्णा, शास्त्रात काडीने घासू नये असं आहे ना? झाडाची काडी. ब्रश तर प्लॅस्टिकचा आहे."

"सूनबाई, पळवाट काढून धर्म होत नाही. पाळायचा तर पाळा, नाही तर मोडतो म्हणून सांगा."

अण्णांवर मला चिडता येईना. ते हट्टाने बोलत नव्हते, त्यांना ते खरंच वाटत होतं. आणि मलाही, खरं सांगतो, ब्रश हातात घेऊन एकादशीला उभं राहायचं म्हटलं की हात आपोआप चुळांच्या तांब्याकडे जायचा. लोकांना मी तिथी सांगतो. मीच मोडायच्या?

हिरडीच्या आतून सफाई सुरू झाली, एकेका बाजूची, भूल देऊन. ती झाल्यावर दातांमध्ये फटी दिसायला लागल्या आणि दात जास्तच हलल्यासारखे वाटले. मी घाबरून फोन केला. टपरीवरचा साडू डोळ्यांसमोर नाचत होता. डॉक्टरीणबाईने शांतपणे सांगितलं, सूज उतरली म्हणून फट दिसते, आणि इतके दिवस दगडासारखी घाण दातांना टेकू देत होती, ती निघाली. आता हिरडी आवळायला वेळ द्या. सफाई करून घ्याल तर हे तुम्हालाही होईल. घाबराल, मी घाबरलो होतो, पण उपचार सोडू नका.

पुढच्या भेटीत तिने माझं तोंड उघडून पाहिलं आणि विचारलं, "काका, काल काय होतं?"

"नवमी."

तिने हातातलं हत्यार ट्रेमध्ये ठेवलं आणि हातमोजे काढले. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

कोजागिरीनंतर

नुसत्या सफाईने खालच्या पुढच्या दातांचं भागलं नाही. कोजागिरी झाल्यावर शस्त्रक्रिया ठरली. हिरडी उघडायची, आतून साफ करायची, हाडाच्या खड्ड्यात भर घालायची, टाके घालायचे आणि चारही दात बारीक तारेने एकमेकांना बांधायचे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, तोवर तोंड बरं व्हायला हवं, असा माझा हिशेब.

दुखलं नाही. पण आवाज येतात. खरवडल्याचा आवाज कवटीतून ऐकू येतो. मी मनातल्या मनात स्तोत्र सुरू केलं, लहानपणापासून पाठ असलेलं. मधेच अडलो. पुढची ओळ आठवेना. पुन्हा सुरुवातीपासून धरलं, पुन्हा तिथेच अडलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा डॉक्टरीणबाईच्या मदतनीस मुलीने विचारलं, "काका, दुखतंय का?" मी मानेनेच नाही म्हटलं.

नंतरचे दिवस मला अजून नकोसे वाटतात. मोठ्याने बोलायचं नाही, कडक खायचं नाही, जीभ तिथे न्यायची नाही. बोलणं हाच ज्याचा धंदा, तो घरभर फेऱ्या मारतोय. यजमानांचे फोन मंजिरी घेते. दिवाळीत दुकानांची लक्ष्मीपूजनं दुसऱ्या गुरुजींना दिली, आणि फटाक्यांच्या आवाजात मी घरी पातळ खिचडी चमच्याने खात बसलो. त्या दिवशी खिचडीत मिरीचा दाणा लागला म्हणून मी ताटली सरकवली.

मंजिरीने ती उचलली नाही. "दात तुमचे हलताहेत," ती म्हणाली, "पण घर सगळं हलून राह्यलंय. अण्णा जेवत नाहीत. पोरगी रोज फोन करून रडते. तुम्ही एकटेच आजारी नाही आहात."

बरोबर होतं तिचं. मी ताटली ओढून घेतली, दाणा काढला आणि जेवलो. हे लिहिण्याचं कारण असं की तोंडाच्या आजारात माणूस फार तुसडा होतो आणि त्याला ते कळत नाही. घरच्यांनी असं वेळेवर सुनवावं.

एकदा गजाननभाऊ आले. हातात घरच्या लोण्याचा डबा. "मायनं धाडलं. म्हने महाराजाले कडक काही चालत नसन." मी बोलू शकत नव्हतो म्हणून हात जोडले. ते बराच वेळ बसले आणि सोयाबीनच्या भावाबद्दल बोलत राहिले, मला उत्तर द्यावं लागू नये असं. त्या दिवशी मी पहिल्यांदा थोडा स्वस्थ बसलो.

टाक्यांच्या जागी ब्रश लावायला मनाई होती, औषधाच्या पाण्याने चुळा भरायच्या होत्या. अण्णांना केवढा आनंद झाला! "बघ, शेवटी तुझ्या डॉक्टरनेही चुळाच सांगितल्या ना!" ते दोन दिवस भेटेल त्याला हेच सांगत होते.

अण्णा बुलडाण्याला येतात

टाके दिवाळीतच निघाले होते. त्यानंतरच्या तपासणीला अण्णा म्हणाले, "मीही येतो." का ते सांगितलं नाही. चिखलीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

डॉक्टरीणबाईने तारेच्या आतबाहेर आरसा फिरवला, बोटाने एकेक दात दाबून पाहिला. "हिरडी धरायला लागली आहे. रंग बघा, किती छान आलाय. खोली अजून मोजत नाही, तिला जरा राहू द्या. तीन दात तुमचेच. चौथाही प्रयत्न करतोय." मग म्हणाली, "उद्यापासून तिथेही मऊ ब्रश. रोज. आता सगळं तुमच्या हातात आहे, काका. चुकवलं तर चौथा जाईल, आणि मग बाकीचेही."

दुसऱ्या दिवशी कार्तिकी एकादशी होती. मी अण्णांकडे पाहिलं नाही.

अण्णाच बोलले. "बाई, माझेही असेच गेले. आधी रक्त, मग हलायला लागले. पण दुखले नाहीत कधी. दुखले असते तर मी गेलो असतो कुठेतरी."

"हो आजोबा. हा आजार असाच आहे."

"तेव्हा कुणी असं केलं असतं, तर राह्यले असते का माझे?"

ती घुटमळली. तिला खोटं बोलता आलं असतं. "काही राहिले असते," ती म्हणाली. "बरेचसे."

अण्णांनी मान हलवली. परतीच्या गाडीत ते डोळे मिटून बसले. मला वाटलं दमले असतील. माझ्या डोक्यात उद्याची सकाळ घोळत होती. अण्णांच्या देखत मोडायची? की ते देवपूजेला बसल्यावर मागच्या दारी जाऊन, चोरासारखी?

कार्तिकी एकादशी

सकाळी उठलो तेव्हा अण्णा न्हाणीपाशी तांब्या घेऊन चुळा भरत होते. कवळी अजून घातली नव्हती. मी बाजूला उभा राहिलो. हातात ब्रश होता, पेस्ट लावलेला, आणि हात खाली. त्यांच्या चुळा संपेपर्यंत थांबावं, असं काहीतरी मनात होतं. मग काय करणार होतो, मला माहीत नाही.

त्यांनी शेवटची चूळ टाकली, तोंड पुसलं.

"घास," म्हणाले.

"अण्णा, आज..."

"आज काय आहे ते मला कळतं. तुला तिथ्या मीच शिकवल्या. घास. दोष लागला तर तो मला लागो, मी तसं देवाला सांगितलं आहे."

मी ब्रश तोंडात घातला आणि वरवर, समोरून, घाबरत घाबरत फिरवायला लागलो. अण्णा तिथेच उभे राहून बघत होते, मी लहान असताना बघायचे तसे.

"समोरून नको. आतून."

मी आतून घासायला गेलो.

"तिथं नाही." त्यांनी ओठ खाली ओढला, स्वतःच्या उघड्या, गुळगुळीत हिरडीवर आतल्या बाजूने बोट ठेवलं आणि मला दाखवलं. "इथं. माझं इथूनच सुरू झालं होतं."

मी तिथे घासलं. त्यांनी बोट काढेपर्यंत घासत राहिलो.